शेवटाचे वेगळे पाच

महिन्याच्या शेवटच्या रविवारी
फ्लोरेन्सियोचं सलून बंद असतं तेव्हा
आम्ही मागच्या दारानं आत शिरतो,
आरशांवर टॉवेल टाकतो,
खुर्च्या भिंतीला लावून मधे टेबल ओढतो.

नियम तीनच.
हात धुऊन, पुसून, वाळवून यायचं.
सूपचा वाडगा टेबलापासून चार हात लांब.
आणि किंमत सगळ्यात शेवटी सांगायची,
कारण आकडा ऐकला की चित्रं दिसेनाशी होतात,
हे आम्हाला फ्लोरेन्सियोच्या बायकोनं शिकवलं.

आमच्या इलोइलोत जुनं कॉमिक टिकणं
म्हणजे पापडानं पुरातून पोहत येणं.
वाळवी, वादळं,
आणि त्यांच्याहून वाईट बाजारातल्या मासळीवाल्या:
साठ सालचे कितीतरी शूरवीर
खारवलेल्या माशांभोवती गुंडाळले जाऊन घरोघर पोचले.
माझ्याकडचा एक सेनापती
हवा दमट झाली की अजून घमघमतो.

ह्या खेपेला आधी क्रिसान्तोनं पिशवी उघडली.
तो जीपनी चालवतो,
वाटेवरच्या एकूण एक रद्दीवाल्याची
दुखणी त्याला पाठ आहेत.
दोन अंक, एकोणसाठचे,
पिना गंजून प्रत्येक पानावर दोन तांबडे डोळे.
आम्ही वाकलो. श्वाससुद्धा बाजूला वळून सोडला.
"निळा बघ," फ्लोरेन्सियो म्हणाला,
"ओठांच्या बाहेर सांडलाय जरा.
घाईत छापलंय. गुरुवारी रात्री."
गुरुवार कशावरून, ते कुणी विचारलं नाही.

मग मी.
खारोतली एक बाई घर विकत होती,
तिच्या शिलाई मशीनच्या खणात सापडला:
मोत्यांसाठी बुडी मारणारी ती एका हाताची मुलगी,
पाय राक्षसी शिंपल्यात अडकलेला,
तोंडातून तीनच बुडबुडे,
आणि पुढचं पान नाही.
फाटलेलं नव्हे. ब्लेडनं, सरळ रेषेत, कापलेलं.
मी नऊ वर्षांचा असताना हाच अंक
भाड्यानं वाचला होता टपरीपुढच्या बाकावर.
तेव्हाही नव्हतं.
साठ वर्षं ती बाई पाण्याखाली आहे
आणि मी अधूनमधून, आंघोळीच्या वेळी वगैरे,
तिच्यासाठी श्वास कोंडून बघतो.

सगळे हळहळले. मेदिंग हळहळली नाही.
ती पहिल्यांदाच आली होती, निवृत्त नर्स,
मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
"आईची टपरी होती," ती म्हणाली,
"प्लाझाच्या मागे, कॉमिक दोरीवर टांगलेली.
आई व्यवहाराला पक्की.
गोष्टीचे पाच सेंटाव्हो.
शेवटाचे वेगळे पाच."

डबा उघडला.
आत नुसते शेवट.
लग्नं, फाशी, सापडलेली जुळी भावंडं,
कुणाचा तरी सूर्याकडे निघालेला घोडा,
ज्यांच्या सुरुवाती कधीच मासळीबरोबर गेल्या.

मला टपरी आठवली. दोरी आठवली.
बाईची करंगळी आठवली, नाणं सरकवून घेणारी.
माझ्याकडे कायम एकच असायचं.

पान सापडायला तास लागला.
ब्लेडची रेघ रेघेला लावली,
कागद कागदाला असा भिडला
की फ्लोरेन्सियोनं उगीचच टोपी काढली.
चौथ्या चित्रात ती सुरा काढते.
पाचव्यात शिंपला किंचित, अगदी नखभर, उघडतो.
सहाव्यात नुसतं काळं पाणी,
आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत:
क्रमशः.

क्रिसान्तो हसता हसता खाली बसला.
मग एकदम गंभीर होऊन म्हणाला,
"पुढचा अंक कितवा?"

मेदिंगनं हात पुढे केला. तळवा वर.
तिची करंगळीही तशीच होती.
पाच सेंटाव्हो आता कुणाच्या खिशात असतात?
मी एक पेसो ठेवला.
तिनं तो उलटसुलट पाहिला, पाकिटात टाकला.
"सुट्टे नाहीत," म्हणाली,
"तुझे एकोणीस शेवट माझ्याकडे जमा."